बिल्ला नंबर चौतीस

"काका, रविवारी सकाळी ही खोली मोकळी लागेल मला," विनीत दारातूनच म्हणाला.

धुरीकाका लाकडी घोड्याच्या दुसऱ्या पायरीवर चढून वरच्या फळीवरची पुरणयंत्रं पुसत होते. ते खाली उतरले नाहीत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकदा वर चढलं की दोन वाक्यांसाठी उतरायचं आणि पुन्हा चढायचं, हा उद्योग परवडत नाही.

"कशाक?" त्यांनी वरूनच विचारलं.

"पार्सल रूम करायचीय. लॉबीत ढीग असतो नुसता. वॉचमन बोंबलतो, लोक माझ्या नावाने बोंबलतात. कमिटीत पास झालंय काका."

"आणि ह्या सामानाचं काय?"

"खरं सांगा, शेवटचं कोण आलं होतं न्यायला?"

काकांना उत्तर पाठ होतं. दिवाळीच्या आधी बाराव्या मजल्यावरचा एक माणूस घोडा न्यायला आला होता. लाकडी घोडा जड निघाला म्हणून तो हात झटकून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने ॲल्युमिनियमची शिडी आली. आता तीही त्याच्या दारामागे वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस उभी असणार.

"भांडी एका वृद्धाश्रमाला देऊ," विनीत म्हणाला. "हत्यारं आयटीआयवाले नेतील, मी बोललोय. बाकीचं भंगारात. तुम्ही फक्त एक यादी द्या मला, काय आहे आणि काय बाहेर गेलंय. उद्यापर्यंत. चालेल ना?"

चालेल ना, असं तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी विचारत असे. मुलगा वाईट नव्हता. अडतीस वर्षांचा, पाच वर्षं दुबईत राहून आलेला आणि दोन वर्षांपासून सोसायटीचा सेक्रेटरी असलेला. टॉवरमध्ये बिघडलेली प्रत्येक गोष्ट त्याच्याच अंगावर येत होती. काकांनी फडकं झटकलं. "देतंय यादी," ते म्हणाले.

ही खोली सुरू झाली ती गिरण्यांच्या संपाच्या वर्षी. तेव्हा इथे टॉवर नव्हता, चिंचपोकळीच्या बाजूची तीन मजली चाळ होती, आणि धुरीकाका काका नव्हते, मिलच्या स्टोअरमधला तरणाबांड रघुवीर होता. संपाने एकेका घरातली एकेक वस्तू बाहेर काढली. कुणाचा स्टोव्ह गेला, कुणाचं तांब्याचं घंगाळ गेलं. रघुवीरचं ठरलेलं लग्न गेलं. मुलीकडच्यांनी सहा महिने वाट पाहिली आणि मग तिला पोस्टातल्या नोकरीवाल्याला दिली. तिच्या बापाचं काही चुकलं नाही, असं रघुवीर तेव्हाही म्हणाला होता. पुढे त्याने तो विषयच काढला नाही आणि दुसऱ्या कुणी काढूही दिला नाही.

पण प्रत्येक घरात सगळं नसलं तरी चाळीत मिळून सगळं होतं. कुणाकडे पकड, कुणाकडे पाना, कुणाकडे पन्नास माणसांचं टोप. रघुवीरने ते जिन्याखालच्या खोलीत एकत्र मांडलं आणि मिलच्या स्टोअरची रीत लावून दिली. मिलमध्ये कामगार आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचा. हत्याराच्या खिळ्यावर बिल्ला लटकायचा, हत्यार आलं की बिल्ला परत. वही नाही, सही नाही. त्याने ओळखीच्या वर्कशॉपमधून पितळी पत्र्याचे गोल बिल्ले कापून घेतले, त्यांवर खोल्यांचे नंबर ठोकले आणि घरटी एक वाटला. लग्नसराईत तिथली भिंत बिल्ल्यांनी नुसती चमकायची. चाळ पाडून नवा टॉवर झाला, सामान तळमजल्यावरच्या या खोलीत आलं, लोक खोली नंबर सोडून फ्लॅट नंबरवर गेले, पण बिल्ले तेच राहिले. आणि हळूहळू ते लोकांच्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडले. आता भिंतीवर प्रत्येक खिळ्याला ज्याचं त्याचं हत्यार टांगलेलं होतं. पाहणाऱ्याला वाटावं, काय शिस्त आहे! काकांना मात्र ती भरलेली भिंत बघवत नसे. सामान घरी बसलेलं आहे, याचा अर्थ माणसं येत नाहीत.

फक्त एका खिळ्यावर बिल्ला होता. चौतीस नंबरचा. चार वर्षं.

त्या खिळ्यावरची वस्तू म्हणजे पाळणा. संपात हात रिकामे म्हणून सुतारखात्यातल्या आनंदा कासारेने सागवानाचा केलेला, चार कड्यांचा. चाळीतलं प्रत्येक मूल त्याच पाळण्यात झोपलं, कोकणातल्यांचं आणि आनंदाच्या बौद्ध भावकीतलंही. त्या पाळण्याला एक जादा नियम होता आणि तो काकांनी स्वतः केला होता. पाळणा परत आणताना आईने बाळाचं नाव पाळण्याच्या तळाला, उलट्या बाजूने, दाभणाने कोरायचं. नाव कोरल्याशिवाय पाळणा जमा होणार नाही. या बाबतीत काका कुणाचंही ऐकत नसत. एकदा दुसऱ्या मजल्यावरची सून नाव ठरलं नाही म्हणून तशीच पाळणा घेऊन आली, तर "आधी घरात भांडण मिटवा, नाव ठेवा, मग या," असं म्हणून त्यांनी तिला हसत हसत परत पाठवलं होतं. खोलीत तेव्हा चार-पाच बायका होत्या. सगळ्या खळखळून हसल्या होत्या.

चौतीस नंबरची नम्रताही त्यांच्यात होती. शांताबाईंची सून. चाळीच्या शेवटच्या वर्षी लग्न होऊन आली आणि पुरणयंत्र मागायला म्हणून जी खोलीत शिरली ती येतच राहिली. भांडं रिकामं परत करू नये, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. पातेलं परत करताना वाटीभर साखर, किसणी परत करताना दोन नारळाच्या वड्या. खानावळीत जेवणाऱ्या एकट्या माणसाला अशा वड्यांची चव महिनाभर पुरते. "काका, खाल्लीत का? की तुमच्या त्या डब्यात ठेवून मुंग्यांना घातलीत?" असं ती विचारायची. असं विचारणारी ती एकच होती.

चार वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली. आठव्या दिवशी तिच्या नवऱ्याने, अजितने, बिल्ला ठेवून पाळणा नेला. बाराव्या दिवशी बारसं होतं. दहाव्या दिवशी सकाळी मूल गेलं.

त्यानंतर नम्रता खोलीकडे फिरकली नाही. लिफ्टमध्ये भेटली तर मान खाली. आणि काका कधीही मागायला जाणार नव्हते. वस्तू ज्याची त्याने आणावी, स्टोअरने दारात जाऊ नये, हा त्यांचा जन्माचा नेम. पण खरं सांगायचं तर या वेळी नेमाआड थोडा स्वार्थही होता. रोज सकाळी नऊला कुलूप काढल्यावर त्यांची नजर पहिल्यांदा त्या बिल्ल्यावर जाई. अजून कुणीतरी यायचं बाकी आहे, असं तो बिल्ला म्हणे. एवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

त्या संध्याकाळी त्यांनी यादी लिहिली. रेघा मारून, वळणदार अक्षरात. डावीकडे जमा, उजवीकडे बाहेर. जमाची बाजू दोन पानं भरली. उजव्या बाजूला एकच ओळ यायची होती आणि तिथे पेन थांबलं. लिहू की नको? पण आयुष्यात त्यांनी अर्धी यादी कधी दिली नव्हती. मिलमध्ये अशी यादी मॅनेजरच्या खणात जायची आणि तिथेच पिवळी पडायची, कुत्रंही विचारत नसे. त्यांनी लिहिलं: पाळणा, नग एक. बिल्ला ३४.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यादी विनीतला दिली. दुपारी लिफ्टपाशी त्यांच्याच मजल्यावरच्या प्रितीने त्यांना गाठलं. तिचा चेहरा उतरला होता.

"काका, असं कशाला केलंत हो?"

"काय केलंय मी?"

"ग्रुपवर तुमची यादी आलीय. विनीतने फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, ज्यांच्याकडे पाळणा आहे त्यांनी रविवारपर्यंत आणून द्यावा. अहो, दीडशे लोकांनी वाचलं. एका बाईने तर विचारलं, चौतीस म्हणजे कोण? नम्रताचं आहे ते चाळीतल्या सगळ्यांना माहितीय ना!"

काकांकडे साधा बटणांचा फोन होता. ग्रुप म्हणजे काय ते त्यांना ऐकून ठाऊक होतं. ते तिथेच लॉबीतल्या पार्सलांच्या ढिगाला टेकले. "मी... कमिटीला दिलेली ती यादी," ते म्हणाले. "फायलीत ठेवायला."

"आता फायली नसतात काका," प्रिती म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही, पण काकांना ते लागायचं तिथे लागलं.

विनीतला ते बोलले नाहीत. त्याने तो मजकूर घाईघाईत काढून टाकला, हे नंतर कळलं. चूक त्याची नव्हतीच. तो त्या वेळी दुबईत होता, त्याला काय माहीत? ज्याला माहीत होतं त्यानेच स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. पन्नास वर्षांच्या चोख कामाची ही कमाई, असं स्वतःला सुनावत काका संध्याकाळपर्यंत खोलीत बसून राहिले. आणि मग जन्माचा नेम मोडून एकोणिसाव्या मजल्यावर गेले.

बेल दाबल्यावर अजितने दार उघडलं, पण पुरतं नाही.

"पाळणा न्यायला आलात?"

"नाय रे. आणू नको म्हणून सांगायला आलोय. राहू दे तुमच्याकडेच. खोली बंद होतेय, तर आता कोण विचारतंय?"

"मग लिहिलंत कशाला?"

काकांची नजर आत गेली. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि टीव्ही नुसताच चालू होता. भिंतीवर शांताबाईंचा फोटो होता. गेल्या वर्षी त्या गेल्या.

"सकाळी वाचल्यापासून ती कुणाशी बोललेली नाही," अजित म्हणाला. "चार वर्षं झाली काका. जरा कुठे बरं चाललं होतं."

"माझ्या वतीने सांग तिला..."

"काय सांगू?"

"बघ काय ते," एवढंच ते पुटपुटले. दार बंद झालं. लिफ्ट येईपर्यंत ते त्या बंद दारासमोर उभे होते. चाळीत असते तर एव्हाना शेजारच्या चार खोल्यांतून कुणीतरी डोकं बाहेर काढून विचारलं असतं, काय झालं हो? इथे चारही दारांबाहेर फक्त चपलांची कपाटं होती.

रविवारी काका सात वाजताच खाली आले. पाने, पकडी, वाकसं त्यांनी पोत्यात भरली. पुरणयंत्रं कागदात गुंडाळली. भिंतीवर नुसते खिळे उरले आणि एक बिल्ला. तो काढायला त्यांचा हात गेला नाही.

नऊच्या सुमारास नम्रता आली. जुन्या चादरीत गुंडाळलेला पाळणा तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. वर एक स्टीलचा डबा होता. बारीक झाली होती ती, आणि कानांजवळ पांढरं दिसत होतं.

"काका, परत करायला आलेय," ती म्हणाली.

"बस गो. ठेव तो खाली आधी, जड आहे." काकांनी पोतं सरकवून जागा केली. "माझी चूक झाली पोरी. ते यादीत लिहायला नको होतं. मी अजितला सांगितलं, आणू नको म्हणून..."

"सांगितलं त्याने." ती जमिनीवरच बसली. "पहिल्या दिवशी मला खूप राग आला तुमचा. म्हटलं, काकांनी पण? मग रात्रभर तो फोटो उघडून बघत बसले. विनीतने नंतर काढला, पण माझ्याकडे आहे." तिने चादरीची गाठ चाचपली. "काका, ती गेली तेव्हा सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की काही झालंच नाही. आईंनी पाळणा माळ्यावर टाकला. झबली कुठे गेली मला माहीत नाही. घरात कुणी कधी विषय काढला नाही, मला त्रास होईल म्हणून. तिचा एक फोटो नाही माझ्याकडे. आणि तुमच्या यादीत होतं. पाळणा, नग एक, बिल्ला चौतीस. म्हणजे कुणीतरी नेला होता ना पाळणा? उगाच नसेल नेला."

काका मान खाली घालून ऐकत होते. त्यांना डोळे पुसायचे होते, पण हातातलं फडकं तेलकट होतं.

"मग आधीच का नाही आणलास?" त्यांनी हळूच विचारलं. "मी काय बोललो असतो?"

"कसा आणणार? नाव कुठे होतं?" नम्रता म्हणाली. "तुम्ही त्या दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना परत पाठवलं होतं. मी इथेच उभी होते, मी पण हसले होते. बारशाच्या आधीच गेली ती. नाव नसलेला पाळणा तुम्ही घेतला नसता."

काकांना वाटलं, कुणीतरी आपल्या कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. चार वर्षं ते त्या बिल्ल्याकडे पाहत होते, ती येईल म्हणून वाट पाहत होते. आणि दाराला अडसर घालून बसलेला माणूस ते स्वतःच होते. एका हसण्यावारी नेलेल्या नियमाने एका आईला चार वर्षं बाहेर उभं ठेवलं होतं.

"तो नियम म्हणजे..." ते म्हणाले, "एकट्या माणसाचं खूळ ते. पोरांची नावं वाचायला मिळायची मला, म्हणून केलेला. तू तसाच ठेवून जा गो."

"नाही. दाभण द्या," ती म्हणाली. "काल नाव ठेवलं आम्ही. दोघांनी बसून."

दाभण कोपऱ्यातल्या डब्यात होतं. काकांनी चादर सोडून पाळणा पालथा केला. तळाचं लाकूड नावांनी गजबजलेलं होतं. काही ठळक, काही घाईतली, एकाचा काना दुसऱ्याच्या वेलांटीत घुसलेला. नम्रताने बोटाने चाचपत डाव्या कोपऱ्यात जागा शोधली. सागवान कठीण असतं. तिला वेळ लागला, दोनदा दाभण निसटलं.

"खोल कोर," काका म्हणाले. "वरवरचं टिकत नाही."

त्यांनी पाळणा घट्ट धरून ठेवला. तिने लिहिलं: राधा. मग फुंकर मारून भुसा उडवला आणि त्या दोन अक्षरांवर तळहात ठेवला. काका उठले आणि त्यांनी चौतीस नंबरचा बिल्ला खिळ्यावरून काढून धोतराला पुसला आणि तिच्या हातात दिला. वस्तू आली, बिल्ला गेला. तिने तो मुठीत घेतला.

"डब्यात घुगऱ्या आहेत," ती उठताना म्हणाली. "सकाळी केल्या. खा हां, मुंग्यांना घालू नका."

"खातो."

"येते काका."

येते, म्हणायची पद्धत असते. पण आता ती कशाला येणार होती? ती गेल्यावर काकांनी डबा उघडला आणि बारशाच्या त्या घुगऱ्या एकेक करून, शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ल्या. मीठ अंमळ जास्त पडलं होतं.

अकरा वाजता विनीत टेम्पो घेऊन आला. पोती गेली, टोपं गेली. घोडा भंगारवाल्याने खांद्यावर घातला. मग त्याने पाळण्याकडे बोट केलं. "ये भी लेना है क्या?"

"घेऊन जा," विनीत म्हणाला. "काका, चालेल ना?"

काकांनी पाळणा पालथा केला आणि मधली एक ओळ बोटाने दाखवली. विनीत वाकला. तिथे वाकडंतिकडं 'विनीत' कोरलेलं होतं, त्याच्या आईच्या अक्षरात. त्याने ते दोनदा वाचलं. मग त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या ताज्या, पिवळसर नावाकडे गेलं आणि तो सरळ उभा राहिला. नंतर तो चालेल ना म्हणाला नाही. भंगारवाल्याला त्याने हातानेच जा म्हणून सांगितलं आणि स्वतःही त्याच्यामागून गेला.

काकांच्या खिशात एक बिल्ला होता, सात नंबरचा. त्यांच्या स्वतःच्या जुन्या खोलीचा. स्टोअरवाल्याने आपल्याच स्टोअरमधून काही न्यायचं नसतं, म्हणून तो आजवर कुठल्याच खिळ्याला लागला नव्हता. न वापरून काळा पडला होता. त्यांनी तो पाळण्याच्या खिळ्यावर टांगला, पाळणा उचलला आणि कुलूप न लावताच ते बाहेर पडले.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यांवरच्या, बाहेरच्यांनी विकत घेतलेल्या फ्लॅटमधली एक तरुण बाई होती. तिने कानातलं गाणी ऐकायचं यंत्र काढून पाळण्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"अय्या, किती क्यूट आहे! काँग्रॅच्युलेशन्स काका! मुलगा की मुलगी?"

"मुलगी," काका म्हणाले.

"नाव ठेवलं?"

"राधा."

"वा, छान! जुनं नाव, पण गोड आहे."

अकरावा मजला आला. काका पाळणा सांभाळत बाहेर पडले. तो छातीशी धरून एका हाताने त्यांनी दाराचं कुलूप काढलं, कारण आतून उघडणारं कुणी नव्हतं.